सात नंबरचा हात

१

थोरल्याला रुग्णवाहिकेत चढवलं तेव्हा त्याचं हेल्मेट धरायला कोणीतरी हवं होतं. मास्तर जवळ उभे होते, म्हणून ते त्यांच्या हातात आलं. दार लागलं, गाडी हलली आणि मास्तर हेल्मेटसकट आतच राहिले. हेल्मेटच्या डाव्या गादीत त्यांनी स्वतः जुळवलेला काडेपेटीएवढा रेडिओ अजून बोलत होता. "सगळ्यांनी थांबा. शर्यत थांबवली आहे. जागच्या जागी थांबा." ट्रॅकच्या फाटकाबाहेर आवाज खरखरला आणि तुटला. दुसऱ्या चौकात थोरल्याचा श्वासही तुटला.

कार्ट म्हणजे जमिनीपासून चार बोटांवर धावणारी उघडी गाडी. तिला छप्पर नाही, दार नाही, पट्टाही नाही. इंजिन कानाशीच किंचाळत असतं, त्यामुळे मागून कोणी जीव तोडून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी मास्तरांनी रेडिओ आणला. तंत्रशाळेत तीस वर्षं वायरलेस शिकवलेला माणूस. चारचौघांत दोन वाक्यं बोलायची म्हटली की मागल्या रांगेत जाऊन बसायचा. पण घरच्या टेबलावर मान मोडून त्यांनी अकरा सेट जुळवले. नऊ चालकांचे, दोन जादा. टॉवरमधली बाई बोलली की नऊ कानांत एकदम पोचायचं. "पिवळा, वळण पाच" म्हणजे पाचव्या वळणावर काहीतरी अडकलंय, वेग सोडा. चालकांना उलट बोलता येत नसे. त्यांनी फक्त ऐकायचं.

त्या दुपारी चारच्या सुमाराला, पाचव्या वळणापलीकडे, कठड्याआड, थोरल्याच्या गाडीची साखळी तुटली आणि गाडी रस्त्यात आडवी उभी राहिली. टॉवरवालीने दोन सेकंदांत पिवळा पुकारला. मागच्या आठांपैकी सात जणांनी वेग सोडला. सात नंबरच्या गाडीने सोडला नाही. ती पुऱ्या वेगाने वळली आणि थोरल्यावर आदळली. सात नंबर चालवणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

दोनच दिवसांपूर्वी थोरल्याने ट्रॅकच्या समितीला सांगून त्याचं नाव बाहेरच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघातून काढायला लावलं होतं, "अजून डोकं थंड नाही त्याचं" म्हणून. तेव्हा सगळ्यांच्या देखत धाकटा म्हणाला होता, "एक दिवस तुझ्या अंगावर गाडी घालीन."

संध्याकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात फौजदारांनी मास्तरांना गाठलं.

"मास्तर, रेडिओ तुमचा. त्याच्या कानात इशारा पोचला होता की नाही, एवढंच मला लेखी द्या. नसेल पोचला तर अपघात. पोचला असेल तर खून. परवा सकाळी मला त्याला कोर्टात उभं करायचंय."

मास्तरांनी मान हलवली. इशारा पोचला असेल, तर एका तरण्याताठ्या माणसाच्या आयुष्याची माती होणार होती. पोचला नसेल, तर थोरल्याचा जीव मास्तरांच्या हातच्या सेटने घेतला होता. आणि आपल्याला मनातून 'पोचला' हेच उत्तर हवंय, हे त्यांना तिथल्या तिथे उमगलं.

२

सकाळी मास्तर एकटेच ट्रॅकवर गेले. एरवी बरोबर त्यांची बायको असायची. रेडिओच्या खोलीबाहेर टेबल टाकून ती सेट वाटायची, शर्यत झाली की ट्रेमध्ये गोळा करायची. चालक तिला काकू म्हणत आणि वचकूनही असत. आज ती म्हणाली, "डोकं चढलंय माझं. तुम्ही जा." रात्रभर ती कुशी बदलत होती, हे मास्तरांनी ऐकलं होतं. त्यांचाही डोळा लागला नव्हता.

ट्रेमध्ये सात सेट पडून होते. थोरल्याचा हेल्मेटबरोबर पोलिसांकडे गेला होता आणि सात नंबरचाही त्यांनीच नेला होता. मास्तरांनी सवयीने एकेक सेट उचलला, बटण दाबलं आणि चार्जरला लावला. बटण दाबलं की बॅटरीत जेवढा दम असेल तेवढे हिरवे दिवे लागत, जास्तीत जास्त चार. दिवसभर राबून घरी आलेल्या कारकुनांसारखे सगळे अर्धमेले होते. दोन दिवे, दोन, एक, दोन. काकूंनी चिकटवलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या घामाने भिजून निळ्या पडल्या होत्या. आठाचा आकडा तर ओळखूच येत नव्हता. तो नवा लिहायला सांगायला हवा, असं मास्तरांच्या मनात आलं आणि आपल्याला असल्या वेळी असलं सुचतं याची त्यांना लाज वाटली.

तिथून ते ठाण्यात गेले. फौजदारांच्या खोलीत थोरल्याची बायको बसली होती. सगळे तिला वहिनी म्हणत. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता, पण आता ती रडत नव्हती.

फौजदारांनी पिशवीतून सात नंबरचा सेट काढला. वर स्वच्छ, ठसठशीत "७". मास्तरांनी बटण दाबलं. चारही दिवे लखलखले. त्यांनी खिशातल्या छोट्या ट्रान्समीटरवर "एक, दोन, तीन" म्हटलं. सेटमधून त्यांचाच आवाज खणखणीत बाहेर आला. खरखर नाही, तुटणं नाही.

"म्हणजे सेट ठणठणीत," फौजदार म्हणाले. "आता हे बघा."

मोबाईलवर कोणीतरी घेतलेलं चित्रण होतं. शर्यत सुरू होण्याआधी नऊ गाड्या नंबरवार उभ्या, इंजिनं चालू, हेल्मेटं चढलेली. टॉवरवाली रेडिओवरून एकेक नंबर पुकारते आणि ज्याला ऐकू आलं तो हात वर करतो. ज्याचा हात वर जाणार नाही त्याला त्या शर्यतीतून उतरवायचं. हा नियम मास्तरांनीच घालून दिलेला. एक, दोन, तीन. तिसरा हात थोरल्याचा. चार, पाच, सहा. मग सात. धाकट्याचा हात सरळ वर गेला, क्षणभर राहिला, खाली आला.

"त्याला ऐकू येत होतं," वहिनी म्हणाली. "मास्तर, मी तुमच्या पाया पडते. तसं लिहून द्या. याला सोडलं तर मी रोज एकाच घरात त्याचं तोंड बघू का?"

मास्तरांनी पेन काढलं. लिहायला कागदही पुढ्यात होता.

"आधी एकदा त्याच्याशी बोलू द्या," ते म्हणाले. हे आपण म्हटलं, यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

३

धाकट्याच्या कपाळावर पट्टी होती. मास्तर आत गेले तसा तो उठला.

"बसा मास्तर. कालपासून सगळे उभ्याउभ्यानेच विचारतायत."

"जेवलास?"

"दिलं होतं."

"काय ऐकू आलं तुला?"

"इंजिन."

"पिवळा?"

"नाही."

"शर्यतीआधी तुझा नंबर पुकारला, तो?"

धाकट्याने कपाळावरची पट्टी चाचपली.

"हात वर केलास तू. मी आत्ता डोळ्यांनी पाहिला."

"मास्तर, मी दादाला मारीन का हो?"

"ते मी विचारलं नाही."

"बाकी सगळे तेच विचारतायत. तुम्हीच तेवढं हातावर अडून बसलात."

"अंगावर गाडी घालीन म्हणाला होतास."

"दहा वर्षं म्हणतोय." धाकट्याच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, पण वाटेतच विरलं. "तो म्हणायचा, आधी गाठ तरी मला. मग घाल."

मास्तर थांबून राहिले. बोलायला न सुचणाऱ्या माणसाला एक गोष्ट फुकट साधते, ती म्हणजे गप्प बसणं. मिनिटभराने धाकटा आपणहून बोलला.

"सहाचा हात खाली आला की माझा वर करतो मी."

"ऐकू येवो न येवो?"

"सकाळच्या पहिल्या शर्यतीपासून सेट मुका होता. सांगितलं असतं तर उतरवलं असतं मला. संघातून नाव गेलेलं, वर शर्यतही गेली असती. म्हटलं, एक दिवस काय होतंय." त्याने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. "फौजदारांना सांगितलं मी हे. ते म्हणाले, सेट तर आमच्या पिशवीत आहे, चारही दिवे लागतायत. मग मलाच वाटायला लागलं, की बोलत असेल. मीच ऐकलं नसेल."

बाहेर पडताना मास्तर दारात अडखळले. पोरगा खोटं बोलत असेल तर फारच बेतशीर खोटं बोलत होता, कारण त्यात तो स्वतःही सुटत नव्हता.

४

धाकट्याच्या कानातून निघालेला सेट पोलिसांच्या पिशवीत जाईपर्यंत मधे काय झालं? मास्तर पुन्हा ट्रॅकवर आले. जबाब द्यायला बोलावलेले सातही चालक कंटाळून बाकांवर बसले होते. गाड्यांची दुरुस्ती करणारा फिटर थोरल्याच्या चेपलेल्या गाडीशेजारी फरशीवर बसला होता, हातात तुटकी साखळी घेऊन.

"धाकट्याचं हेल्मेट कुणी काढलं?"

"मी. दुसरं कोण काढणार? बाकी सगळे पुतळे झालेले." फिटरने वर पाहिलं नाही. "सेट काढला नि काकूंच्या ट्रेमध्ये टाकला. सवय हो. उद्या जग बुडालं तरी आधी सेट काकूंच्या ट्रेमध्ये टाकायचा, नाहीतर शिव्या कोण खाणार?"

"मग?"

"मग इथे. ही साखळी माझ्या हातची आहे, मास्तर. आदल्या दिवशी बदलायची होती, मी म्हटलं अजून एक शर्यत निघेल." त्याने साखळीची कडी बोटाने फिरवली. "तुम्ही रेडिओचं काय ते बघा. माझं मी बघतोय."

"पोलीस किती वेळाने आले?"

"अर्धा तास. जास्तच."

म्हणजे अर्धा तास सात नंबरचा सेट उघड्या ट्रेमध्ये होता.

टॉवरवाली वर, आपल्या काचेच्या खोलीत होती. मागल्या वर्षी तिचं आणि धाकट्याचं लग्न ठरलं होतं आणि मोडलंही होतं. कारण कोणाला माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकाकडे एकेक कारण होतं.

"तीनदा पुकारलं मी," ती म्हणाली. "पिवळा, वळण पाच. पिवळा, वळण पाच. सात, वेग सोड. तिसऱ्यांदा तर त्याचा नंबर घेऊन. मास्तर, तिथे पूर्वीसारखा झेंडेवाला उभा असता ना, तर त्याने पिवळा झेंडा हलवला असता. रेडिओ आला म्हणून काढलं त्याला."

"हो."

"तुम्ही होतात त्या बैठकीला."

"होतो." आणि बोललो नाही, हे त्यांनी मनात पुरं केलं. झेंडा राहू द्या म्हणावं असं तेव्हा फार वाटलं होतं. पण दहा माणसं बोलत होती, आणि आपलं चुकत असेल तर, म्हणून ते गप्प राहिले होते.

"नंतर तू खाली आलीस?"

"पंधरा-वीस मिनिटं 'सगळ्यांनी थांबा' म्हणत होते. मग खाली आले. काकूंच्या टेबलापाशी जाऊन बसले, त्यांनी पाणी पाजलं." तिने मास्तरांकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला काय विचारायचंय ते सरळ विचारा. राग होता मला त्याचा. पण मी जे बोलले ते बाकी सात जणांनी ऐकलं."

मास्तर काचेतून खाली बघत होते. बाकांवरचे सात जण, रांगेत उभ्या सात गाड्या.

"एक करशील का? फौजदारांना हजेरीची पद्धत दाखवायचीय असं मी चालकांना सांगतो. सेट लावून, इंजिनं चालू करून बसू देत. तू रोजच्यासारखी खिडकीत उभी राहा, माइक तोंडाशी धर, ओठ हलव." त्यांचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकावं लागलं. "पण बटण दाबू नकोस."

५

सात इंजिनं एकदम भुंकायला लागली. काचेच्या खोलीचा पत्रा थरथरला. मास्तर टॉवरवालीच्या मागे, खालून दिसणार नाही अशा कोपऱ्यात उभे राहिले. ट्रान्समीटरचा लाल दिवा विझलेला होता. हवेत एक शब्दही जाणार नव्हता.

तिने माइक उचलला, ओठ हलवले.

एक नंबरच्या चालकाने खिडकीकडे पाहिलं आणि हात वर केला. तो खाली आला तसा दोनचा वर गेला.

मग तीनची जागा आली. तिथे गाडी नव्हती. कोणीही सांगितलं नसताना चारचा चालक तेवढा वेळ थांबला. एका माणसाने हात वर करून खाली घ्यावा, बरोब्बर तेवढाच. मग त्याने आपला हात वर केला. पाच. सहा. पुन्हा सातची मोकळी जागा, पुन्हा तेवढीच वाट पाहणं. आठ. नऊ.

टॉवरवालीचे ओठ केव्हाच थांबले होते. माइक तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"मी काहीच बोलले नाही," ती म्हणाली. "मास्तर, मी काहीच बोलले नाही. तीन वर्षं मी रोज कुणाला पुकारत होते?"

 रोज तोच क्रम, तीच चाल. माणसांनी हजेरी ऐकणं सोडून कधी शेजाऱ्याकडे बघायला सुरुवात केली, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. सेट मुका असो की बोलका, हात वर जात होते. क्रम रोज उलटसुलट करायला हवा होता, एवढं साधं तीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला सुचलं नव्हतं.

"म्हणजे त्याच्या हाताला काही अर्थ नाही," ती सावकाश म्हणाली. तिच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं. "पण सेट तर चालू निघाला ना? सगळे म्हणतायत, चारही दिवे होते."

"चारही होते," मास्तर म्हणाले.

आणि मग त्यांनी खिडकीची चौकट धरली.

६

चारही दिवे. सगळ्यांनी ते धाकट्याच्या विरुद्ध धरले होते, मास्तरांनीही. बॅटरी भरलेली, म्हणजे सेट चांगला. पण सकाळी नऊला काकू सगळे सेट भरून वाटत, आणि चार वाजेपर्यंत ते सगळे सारखेच खपत. आज सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने दिवे मोजले होते. दोन, दोन, एक, दोन. ज्या सेटने दिवसभर धाकट्याच्या कानाशी काम केलं, त्याच्यातच तेवढे चार कसे? भरलेला सेट म्हणजे दिवसभर कोणी न वापरलेला सेट. पोलिसांच्या पिशवीतला सेट धाकट्याच्या कानात कधी नव्हताच.

दिवसभर न वापरलेले सेट ट्रॅकवर दोनच होते. जादाचे.

रेडिओच्या खोलीत मास्तरांनी कपाटातला पत्र्याचा डबा खाली घेतला. आत दोन सेट होते, असायला हवे तसे. एक कोरा करकरीत. दुसऱ्याला घामाचा आंबूस वास येत होता, आणि पाठीवर चिठ्ठी खरवडल्याचा चिकट डाग होता. बटण दाबलं तर एकही दिवा लागला नाही.

त्यांनी स्क्रू काढले. उघडायच्या आधीच त्यांना कळून चुकलं होतं. बॅटरीची लाल तार आपल्या जागेवरून सुटून मोकळी डुलत होती. तिला धरून ठेवणारा सोल्डरचा ठिपका राखाडी, खडबडीत, तडकलेला होता. सोल्डर थंड होताना हात हलला की असा ठिपका पडतो. टेबलावर तो चालतो. गाडीचे हादरे बसले की एक दिवस सोडतो. तंत्रशाळेत असा ठिपका दिसला की ते पोरांना पुन्हा करायला लावत. हा त्यांचा स्वतःचा होता. मागच्या हिवाळ्यात त्यांनीच दुरुस्त केलेला.

काढलेले स्क्रू त्यांनी डब्यात ठेवले. मग उरलेला प्रश्न आला. बदलला कुणी?

ट्रेपाशी चालकही येऊन गेले होते, पण रेडिओच्या खोलीतल्या कपाटाला हात लावणारी तिघंच होती. फिटर, टॉवरवाली आणि काकू. कोऱ्या चिठ्ठ्या काकूंकडेच असत; फिटरने किंवा टॉवरवालीने सेट बदलला असता तर जुनी चिठ्ठी सोलून नव्या सेटवर चिकटवली असती. ती घामाने फिसकटलेली असती, बाकीच्या सातांसारखी. पण पोलिसांकडचा सात कोरा, ठसठशीत होता. तो नव्याने लिहिला होता, आणि त्याची शेपटी आत गोल वळवलेली होती. मास्तर तसा सात रोज बघत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसच्या पुस्तकावर, त्यांच्या औषधांच्या पुड्यांवर.

अकरा सेटांपैकी कोणता कुठे आहे हे नजर न टाकता सांगणारं माणूस ट्रॅकवर एकच होतं.

त्यांनी सेट रुमालात गुंडाळला आणि घरची वाट धरली.

७

"आलात? चहा टाकू?" काकूंनी विचारलं.

मास्तरांनी रुमाल टेबलावर ठेवून उलगडला. तिने चहाचं भांडं ओट्यावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि समोर येऊन बसली.

"झाकण कशाला उघडलंत?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, नाही बघणार तुम्ही."

"कधी केलंस?"

"ती वरून बोलत होती ना, सगळ्यांनी थांबा, सगळ्यांनी थांबा. ट्रेमध्ये सगळे सेट एका सुरात तेच म्हणत होते. हा एकटा मुका. मी उचलला, हलवला, कानाला लावला. काही नाही." तिचा आवाज सरळ होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "आधी तुम्हीच डोळ्यांपुढे आलात. ते दोघं भाऊ नंतर आले. पुढचं हातानेच केलं, मला विचारलं नाही."

"अगं, त्याला खुनी ठरवतायत."

"तेव्हा कुणी खून म्हटलं होतं? अपघातच होता सगळ्यांच्या तोंडी. म्हटलं, सेट चांगला निघाला तर कुणाचंच नाव यायचं नाही. रात्री तुम्ही रुग्णालयातून येऊन सांगितलंत, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली." ती थांबली. "मग वाटलं, त्याने मुद्दामच घातली असेल. म्हणाला होताच की तो. सेट मुका असला म्हणून काय झालं? असं वाटलं की जरा बरं वाटायचं."

"मलाही," मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"तुमचा हात कापतो," ती म्हणाली. "मागच्या हिवाळ्यापासून. डॉक्टरकडे चला म्हणून मी डोकं फोडलं. तुम्ही म्हणालात, थंडी आहे."

"थंडीच वाटली."

"मला नव्हती वाटली. तरी मी सेट वाटत राहिले." तिने तो उघडा सेट बोटाने जरासा दूर सारला. "ऐका. माझं लिहा. म्हातारीने घाबरून सेट बदलला, लिहा. पण ते सोल्डरचं नका लिहू. आपोआप बिघडला म्हणा. तुम्ही नाही सोसणार हो. तुम्हाला मी ओळखते. तुम्ही खाणंपिणं सोडून भिंतीकडे बघत बसाल."

"आपोआप काही बिघडत नाही. फौजदारांना नाही कळणार, पण पुढे जो कोणी सेट जुळवील, त्याला कळायला हवं."

"मेलं ते पुढे!" ती पहिल्यांदा ओरडली. मग एकदम लहान आवाजात तिने विचारलं, "मला आत टाकतील का हो?"

मास्तरांना माहीत नव्हतं. त्यांनी तसंच सांगितलं.

८

अहवाल दीड पान झाला. मास्तरांनी तो फौजदारांना दिला नाही, उभं राहून वाचून दाखवला. समोर धाकट्याला आणून बसवलं होतं. भिंतीशी वहिनी होती. चार दिवे, घामाच्या चिठ्ठ्या, बटण न दाबता वर गेलेले सात हात, पाचव्या वळणावरून काढलेला झेंडेवाला आणि त्या बैठकीत तोंड न उघडलेला माणूस. लाल तारेपाशी आल्यावर त्यांचा कागद थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पुढचं तोंडानेच सांगितलं. बायकोचं नाव घेताना ते थांबले नाहीत. थांबलो तर घेता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

फौजदारांनी उघडा सेट उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे याला ऐकू गेलं नव्हतं."

"नाही. आणि त्याने खोटा हात वर केला होता. दोन्ही खरं आहे."

धाकट्याने मान खाली घातली. आपण सुटलो हे त्याला कळलं असावं, पण चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही नव्हतं. तो वहिनीकडे वळला. तिने तोंड फिरवलं.

"मग मारलं कुणी त्यांना?" ती म्हणाली. "साखळीने? तारेने? मास्तर, दोन दिवस मला निदान एक माणूस होता शाप द्यायला. तुम्ही तोही काढून घेतलात."

"मी आहे ना," मास्तर म्हणाले. "मला द्या."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. कॉलर झिजलेला सदरा, सोल्डरने भाजलेली बोटं, एका हाताने दुसरा धरून ठेवलेला.  मग मान हलवली. नको म्हणून, की जमत नाही म्हणून, ते मास्तरांना कळलं नाही. धाकटा उठला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. ती सरकली नाही. त्याला जवळही केलं नाही.

"तुमच्या मंडळींना बोलवावं लागेल," फौजदार म्हणाले.

"बाहेर बाकावर आहे. सकाळीच माझ्याबरोबर आलीय."

काकू आत आल्या. मास्तरांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. फौजदारांनी कोरा कागद घेतला आणि प्रश्न जरा मवाळपणे विचारला.

"सेट तुम्ही बदललात. कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"यांना माहीत होतं?"

"नाही. यांना कळू नये म्हणूनच केलं," काकू म्हणाल्या. मग त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. "पण कळलंच."